कादंबरी, बखर आणि इतिहास
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘वाचनीय कादंबऱ्या व इतिहासग्रंथ’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या कार्यवाहांनी मला केली, तेव्हा शंभर उत्तम ग्रंथांची एखादी यादी त्यांच्या मनात असावी. ती स्मरणिकेत छापावी आणि मुलामुलींनी वाचून झालेल्या नावापुढे खूण करीत जावे, असा त्यांचा सद्हेतू होता. मी यादी करावयास बसलोही. चाळीस-पन्नास नावे झाली आणि मग हात थांबला. माझ्या आयुष्यात मला आवडलेले एकही पुस्तक मला यादीतून मिळालेले नाही, हे त्या वेळी प्रथमच ध्यानी आले. एका पुस्तकाने दुसऱ्याचा पत्ता सांगितला, दुसऱ्याने पहिल्याशी भांडण काढले, आणि ते भांडण मिटविण्याकरिता तिसरे शोधावे लागले, असाच माझ्या वाचनाचा प्रवास झाला. तेव्हा यादी कार्यवाहांच्या स्वाधीन करून मी त्या प्रवासाविषयीच बोलणार आहे.

विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी माझा एक पुतण्या आमच्या घरी राहून महाविद्यालयात शिकत असे. त्याने तीन रात्री जागून ते पुस्तक संपविले आणि चौथ्या दिवशी सकाळी, मी चहा घेत असता, समोर येऊन विचारले, “काका, हे सगळे खरे आहे का?” मी शाळेत इतिहास शिकवीत होतो. असल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर असावयास हवे होते. परंतु पाठ्यपुस्तकातील दीड पानापलीकडे पानिपताविषयी मी स्वतः काही वाचलेले नव्हते, ही गोष्ट आज आपल्यासमोर कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही. त्या दिवशी मात्र फार वाटला. “पाहू या,” एवढेच मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी मिळून पाहावयास आरंभ केला. प्रथम ‘भाऊसाहेबांची बखर’ हाती घेतली. कृष्णाजी शामराव याच्या नावावर मोडणारी ही बखर म्हणजे जुन्या मराठी गद्याचे एक लेणे आहे. तिच्यातील माणसे बोलतात, चिडतात, रुसतात, आणि वाचणाराला आपण डेऱ्यातच बसलो आहो असा भास होतो. बुराडीच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजी पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचे ते अखेरचे उद्गार, जे आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असतात, ते याच बखरीने महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचविले. मी ते मोठ्याने वाचून दाखविले. माझा कंठ थोडा दाटूनही आला. पुतण्या शांतपणे म्हणाला, “पण काका, हे ऐकून लिहून घ्यायला तिथं आपल्या बाजूचं कोण शिल्लक होतं?”

या प्रश्नाने मला राजवाड्यांकडे नेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. हा गृहस्थ गावोगाव हिंडे, घरोघरी जाऊन जुन्या दप्तरांची चौकशी करी, आणि वाळवीच्या तोंडून कागद सोडवून आणी. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरकारांची जी झडती घेतली आहे, ती वाचताना एखाद्या कडक मास्तरांनी वही तपासावी तसे वाटते. तिथी चुकली, स्थळ चुकले, माणूस त्या जागी नव्हताच, अशा एकेक चुका ते दाखवीत जातात. पत्रांत मात्र टाळ्या घेणारी वाक्ये नाहीत. पैसा पोहोचला का, अमुक सरदार कोठवर आला, जासूद का आला नाही, असल्याच गोष्टी त्यांत. प्रथम ती रूक्ष वाटली. पंधरा दिवसांनी असे झाले की, कादंबरीपेक्षा त्या पत्रांनीच आम्हांला झोप लागू देईना. कारण पत्र लिहिणाराला पुढे काय होणार हे ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे.

त्यानंतर त्र्यंबक शंकर शेजवलकर. त्यांचा पानिपतावरील ग्रंथ इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली, म्हणजे त्या संग्रामाला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, निघाला. भाऊसाहेबांवर लोकांनी ठेवलेला उतावळेपणाचा व गर्विष्ठपणाचा ठपका त्यांनी पुराव्यानिशी तपासून पाहिला आहे. शेजवलकरांची सगळी मते मला पटली असे नाही. पण आपला निष्कर्ष कोणत्या कागदावर उभा आहे हे ते वाचकाला दाखवितात, त्यामुळे न पटणाऱ्या वाचकालाही भांडावयास जागा राहते. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने ती लढाई पलीकडच्या छावणीतून पाहिली आणि पुढे फारसीत लिहून ठेवली, हेही आम्हांस याच ओघात कळले. एका लढाईला इतक्या खिडक्या असतात!

मंडळी, हे सारे पाहून झाल्यावर पुतण्याने ती कादंबरी पुन्हा वाचली. मी त्याला विचारले, “आता खोटी वाटते का?” तो म्हणाला, “नाही, आता लेखकानं कुठं आणि का भर घातली ते दिसतं, त्यामुळं जास्तच आवडली.” माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा हे उत्तर अधिक मोलाचे आहे. कादंबरीला इतिहास समजणे हा जसा भाबडेपणा, तसाच ती इतिहास नाही म्हणून तिला नाक मुरडणे हा कोरडेपणा. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांचे एक प्रदीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. शिवचरित्राकडे कसे पाहावे, पुरावा कसा तोलावा, याची त्यात चर्चा आहे. ज्यांना एवढी मोठी कादंबरी वाचण्यास सवड नाही, त्यांनी निदान ते पत्र वाचावे अशी माझी विनंती आहे.

कल्पनेचे ओझे इतिहासाला किती काळ वाहावे लागते याचे उदाहरण म्हणजे संभाजी महाराज. पिढ्यान्‌पिढ्या नाटकांनी आणि बखरींनी त्यांचे जे व्यसनी, बेजबाबदार चित्र रंगविले, तेच आमच्या वडिलांच्या पिढीने खरे मानले. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे देशोदेशींची कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि मग हळूहळू पारडे फिरले. शिवाजी सावंतांची ‘छावा’ त्यानंतर, १९७९ सालची. येथे संशोधक पुढे आणि कादंबरीकार मागे, असा क्रम आहे, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. आता पारडे दुसऱ्या बाजूला फार झुकू लागले आहे की काय, अशी मला कधी कधी शंका येते. पण तो विषय निराळा.

माझ्या भगिनी कदाचित मनात म्हणत असतील की, या सगळ्या लढायांत आम्ही कोठे आहोत? हा प्रश्न माझ्या पत्नीनेच मला विचारला होता, आणि उत्तर रियासतींत सापडले नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याविषयी मला अतीव आदर आहे. एका माणसाने एवढे काम करावे हेच आश्चर्य. परंतु आपल्या आजीच्या आजीला नवरा वारल्यावर कोणत्या प्रसंगास तोंड द्यावे लागले, ते रियासतीत कसे येणार? ते हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये आहे. त्यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः दिली. तीत यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. केशवपनाचा प्रसंग येतो तेथे आमच्या घरी वाचन थांबले, आणि पत्नीने पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की, तिच्या माहेरच्या एका चुलत आजीला कोणी कधी नावाने हाक मारलीच नाही, सगळे ‘सोवळी आजी’ म्हणत. तिचे खरे नाव काय होते हे विचारावयास आता कोणी उरलेले नाही.

याच्याच शेजारी मी ‘माझा प्रवास’ ठेवतो. वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. त्यांनी लिहून ठेवलेली ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली भाषा बदलून छापली, आणि मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. भटजीबुवांची साधी भाषा सुधारून काय मिळविले आणि काय गमावले, ते तेव्हाच कळते.

आता थोडे कडू बोलतो. आपल्या वाचनालयाच्या कपाटात मी मागील महिन्यात डोकावलो. किल्ली सापडत नव्हती म्हणून कडी काढावी लागली. ‘उषःकाल’ आहे, नाथमाधव आहेत, ‘स्वामी’च्या तीन प्रती आहेत. ‘बनगरवाडी’ आहे, पण तिची पाने कापलेलीसुद्धा नाहीत. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ नाही. १९५९ सालापासून ती महाराष्ट्र वाचीत आहे आणि आपल्या कपाटापर्यंत ती पोहोचली नाही, याचे कारण आपण सर्वजण जाणतो. स्वतःच्याच पूर्वजांचे कौतुक ज्यात असेल तेवढेच वाचावे असा नियम केला, तर राजवाड्यांचे बावीस खंडही व्यर्थ आहेत.

हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे नाही. आमच्या गावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मी बावीस वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला. माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल होते. मोडी कोणालाच वाचता येईना. जुने कागद घरात ठेवू नयेत, कोर्टकज्जे उपजतात, असे कोणी म्हणाले, आणि ते दोन्ही रुमाल आम्ही नदीत सोडले. सर्वांत सुशिक्षित म्हणून नेण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यांत काही नसेलही. जमाखर्च असेल, लग्नाची याद असेल. राजवाड्यांनी ज्या पत्रांवर पहिला खंड उभा केला, तीही कोणाच्या तरी घरी अशीच पडली होती, हे मी पंधरा-सोळा वर्षांनी त्या पुतण्याच्या शेजारी बसून वाचले, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल, ते आपण जाणू शकाल.

सभागृह वाढविण्याकरिता हे कपाट हलवावे आणि आतील पुस्तके रद्दीत द्यावीत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. जागेची अडचण खरी आहे, मी ती नाकारीत नाही. माझे म्हणणे इतकेच की, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय ठराव मतास टाकू नये. खालच्या खणात कापडात बांधलेले एक बाड मला दिसले. ते कोणी दिले, कधी दिले, याची नोंद नाही. अक्षर मोडी आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी तेथे येऊन बसणार आहे. मोडी वाचणारे एक स्नेही येण्याचे कबूल झाले आहेत, आणि पुतण्याही पुण्याहून येणार आहे. ज्यांच्या घरी असले रुमाल असतील त्यांनी ते बरोबर आणावेत. चहाची व्यवस्था महिला शाखेने पत्करली आहे.