हरवलेल्यांच्या आया
(स्त्री-संघटनांच्या एका मेळाव्यात केलेलं भाषण)



बेपत्ता मुलींच्या प्रश्नावर बोलायला मला इथे बोलावलं आहे आणि मी सुरुवात करणार आहे एका रॉक कॉन्सर्टपासून. हसताय ना? हसा. त्या दिवशी मलाही स्वतःचं हसूच येत होतं.

१५ डिसेंबर २०१९, रविवार. 'यू-टू' हा आयर्लंडचा बँड पहिल्यांदाच भारतात आला होता, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. डब्लिनमधल्या शाळकरी पोरांनी १९७६ साली हा बँड सुरू केला. मी ऐकायला गेले तेव्हा त्यांचा गायक बोनो ५९ वर्षांचा होता. तिकीट माझ्या एमएसडब्ल्यूच्या वर्गातल्या मैत्रिणीने काढलं होतं, ती आता एका कंपनीत आहे. किंमत नंतर कळली तेव्हा आमच्या केंद्राचा महिन्याचा रिक्षाखर्च डोळ्यांपुढे आला.

त्याच दिवशी दुपारी मी पोलीस ठाण्यात होते. मानखुर्दच्या आमच्या वस्तीतल्या एक बाई, मी त्यांना मावशी म्हणते, त्यांची मुलगी तेवीस दिवस बेपत्ता होती. ठाण्यात नुसती मिसिंगची नोंद. गुन्हा दाखल नाही, कारण आधार कार्डावर मुलीची जन्मतारीख १ जानेवारी आणि साल चुकीचं. त्या हिशोबाने ती सज्ञान! शाळेच्या दाखल्याप्रमाणे सोळा वर्षांची. पण दाखला गावच्या शाळेत, जालन्याकडे. बाल न्याय कायद्याचं ९४ कलम सांगतं की वय ठरवताना शाळेचा दाखला आधी बघायचा. मूल हरवलं तर अपहरण किंवा विक्री झाली असं गृहीत धरून एफआयआर घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलेलं. दोन्हीच्या झेरॉक्स मी पुढे केल्या. अंमलदारांनी त्या वाचल्याही नाहीत. "पळून गेली असेल कुणाबरोबर. येईल परत. साहेब नाहीत, उद्या या."

मावशींना घरी सोडलं, तोंड धुतलं आणि नेरूळची गाडी पकडली. हार्बरच्या त्याच लाइनवर चार स्टेशनं. मावशींना कुठे निघाले ते सांगितलं नाही. लाज वाटली.

स्टेडियमचं फार वर्णन करत नाही. बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग इथेही पुरुषांपेक्षा लांब होती, एवढं सांगते. पण एक गोष्ट मनापासून आवडली. रात्री उघड्या मैदानावर हजारो मुली नाचत होत्या, ओरडत होत्या, आणि कुणी त्यांना घरी कधी जाणार म्हणून विचारत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या मुलीला ही एक रात्र कधी मिळेल, हा प्रश्न तिथेच मनात आला. आणि लगेच दुसरा. मिळवायला ती घराबाहेर पडली, तर 'पळून गेली' म्हणूनच नोंद होणार ना?

त्यांचा 'द जोशुआ ट्री' हा १९८७चा अल्बम त्यांनी त्या दौऱ्यात क्रमाने, पहिल्यापासून अकराव्या गाण्यापर्यंत वाजवला. अकरावं गाणं 'मदर्स ऑफ द डिसअपीअर्ड'. गायब केलेल्यांच्या आया. पडद्यावर हातात मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या बायका. ज्या गाण्यांवर सगळे उड्या मारत होते त्यांतलं हे नव्हे. पुष्कळ जण पाण्याला, खायला उठले. मी बसून राहिले.

१९८६ साली बोनो एल साल्वादोरला गेला होता. तिथे लष्कराने आणि खुनी टोळ्यांनी उचलून नेलेल्या मुलांच्या आया त्याला भेटल्या, त्यातून हे गाणं आलं. त्यामागे अर्जेंटिनाच्या आयाही आहेत. तिथे १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. मानवी हक्क संघटनांचा आकडा ३०,००० बेपत्तांचा आहे. ३० एप्रिल १९७७ला ब्युनोस आयर्सच्या प्लाझा द मायो चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर, चौदा बायका जमल्या. त्या चळवळीतल्या नव्हत्या. बहुतेक गृहिणी, पोलीस ठाणी, इस्पितळं, चर्च असे उंबरे झिजवताना एकमेकींना भेटलेल्या. उभं राहिलं तर जमाव होतो, पुढे चला, असं पोलिसांनी दरडावलं. मग त्या चालायला लागल्या, दोघी-दोघी, चौकात गोल. पुढे दर गुरुवारी. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरा रुमाल, सुरुवातीला बाळाच्या लंगोटाच्या कापडाचा. सरकार त्यांना 'वेड्या बाया' म्हणायचं. मुलं परदेशी निघून गेली असतील, असंही त्यांना ऐकवलं जायचं. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांच्यातल्या तिघींनाच उचललं. त्यांतल्या अझुसेना विय्याफ्लोर यांच्या अस्थींची ओळख पटायला २००५ साल उजाडलं. राहिलेल्या मागे हटल्या नाहीत.

या गाण्याचा स्टेडियमशी आणखी एक संबंध आहे. चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ला पिनोशेने सत्ता बळकावली तेव्हा सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमचाच तुरुंग केला होता. हजारो माणसं तिथे कोंडली, छळली. तिथली काही जुनी लाकडी बाकं आठवण म्हणून तशीच ठेवली आहेत, त्यांवर कुणी बसत नाही. त्याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी १९९८ला यू-टूने हे गाणं म्हटलं आणि बेपत्तांच्या नातेवाईक बायकांना मंचावर बोलावलं. कार्यक्रम टीव्हीवर दाखवला जात होता. प्रेतं कुठे पुरली ते सांगा, असं बोनोने पिनोशेला उद्देशून म्हटलं. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो केली.

श्रीमंत गायकांची सामाजिक जाणीव म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, हे कबूल करते. नेरूळला पुढे दुसऱ्या एका गाण्याच्या वेळी पडद्यावर जगभरच्या बायकांचे चेहरे आले. गौरी लंकेशही होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय लागतं, असं मनात आलं. कारण त्याच महिन्यात, ६ तारखेला, हैदराबादजवळच्या बलात्कार-खून प्रकरणातल्या चार आरोपींना पोलिसांनी 'चकमकीत' मारलं, तेव्हाही टाळ्या वाजल्या होत्या, पोलिसांवर फुलं पडली होती. त्या तरुणीच्या घरच्यांना पहिल्या रात्री 'आमची हद्द नाही' म्हणून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं होतं. त्या दिरंगाईबद्दल तीन पोलीस निलंबित झाले, ते कुणाच्या लक्षात राहिलं? चकमक बनावट होती, असा निष्कर्ष सिरपूरकर आयोगाने काढला, तो २०२२ साली बाहेर आला. तोवर फुलं कधीच वाळली होती.

परतीच्या गाडीत सगळ्यांचे मोबाइल उघडे होते. दिल्लीत जामिया विद्यापीठात पोलीस शिरल्याच्या बातम्या येत होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशींना सगळं सांगून टाकलं, कुठे गेले होते तेही. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या किती जणी होत्या?"

"पहिल्या दिवशी चौदा."

"आपल्या इथे किती आहेत?"

मला सांगता आलं नाही. शरमेची गोष्ट आहे. आमच्या केंद्रात प्रत्येक केसची वेगळी फाइल. आयांची एकत्र यादी आम्ही कधी केलीच नव्हती. फाइली काढल्या. आजूबाजूच्या तीन वस्त्यांत मिळून सात घरं निघाली. अर्जेंटिनात मुलांना सरकारनेच गायब केलं होतं, आपल्याकडच्या मुली कशा, कुठे जातात ते वेगळं आहे. दोन्ही एका मापाने मोजू नयेत, हे मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. ठाण्यातलं उत्तर तर तेच आहे ना?"

१९ डिसेंबरच्या गुरुवारी जायचं ठरलं, पण त्या दिवशी ऑगस्ट क्रांती मैदानावर नागरिकत्व कायद्याविरुद्ध मोठी सभा होती, आमच्यातल्या निम्म्या तिकडे. म्हणून २६ तारखेला. चौघी आल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. प्रत्येकीच्या हातात मुलीचा फोटो आणि झेरॉक्स. बाकावर बसून राहिल्या. "सगळ्या कशाला आलात?" याला मावशींचं उत्तर, "साहेब, आमची हद्द एकच आहे." जालन्याहून दाखला आला तो मी कुरियरच्या ऑफिसातून परस्पर घेऊन गेले. चौथ्या गुरुवारी, १६ जानेवारीला, ३६३ कलम लागलं. आणखी दोघींचे गुन्हे फेब्रुवारीत नोंदले गेले, आणि त्यांतली एक मुलगी सापडली. मग मार्चमध्ये लॉकडाउन आलं. गुरुवार बंद पडला, दीड वर्ष.

मावशींची मुलगी अजून सापडलेली नाही. गुरुवार मात्र पुन्हा चालू झाला आहे. गेल्या गुरुवारी सहा जणी होत्या, त्यांतल्या दोघी गोवंडीच्या, आमच्या केंद्राला माहीतही नसलेल्या. आदल्या रात्री मावशींचा फोन आला होता. "ताई, तुम्ही नाही आलात तरी चालेल. झेरॉक्स तेवढ्या पाठवा, सहा प्रती."