निंब कोणता, हे आधी पाहा



पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला गूळ घालून खाल्ला. जून उजाडला की त्याच झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडेल. पोटात घ्यायचे आणि पिकावर फवारायचे, दोन्ही एकाच झाडाचे. त्यामुळे ‘निंब’ म्हटले की आपला चटकन विश्वास बसतो. पण हा विश्वास कडुनिंबाने कमावलेला आहे, निंब म्हणवणाऱ्या प्रत्येक झाडाने नाही.

आपल्याकडे निंब किती आहेत पाहा. फोडणीतला कढीनिंब कडुनिंबाच्या नव्हे, लिंबाच्या कुळातला. भूनिंब म्हणजे किराईत, तापावरचे कडू औषध. तेथेही दोन वेगळ्या वनस्पती एकाच नावाने विकल्या जातात. महारुखाला कोणी महानिंब म्हणतात, तर जुन्या वैद्यकात महानिंब म्हणजे बहुधा बकाण. लाकडासाठी लावतात तो मलबार निंब, तो बकाणाचा भाऊ.

कडुनिंबाची खरी गफलत होते ती बकाणाशी. शास्त्रज्ञांनाही ही दोन झाडे जवळची वाटली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच मेलिया प्रजातीत घातली. कडुनिंबाला ‘अझाडिराक्टा’ ही स्वतंत्र प्रजाती मिळाली ती एकोणिसाव्या शतकात, वनस्पतिशास्त्रज्ञ जुसिएमुळे.

ओळखायला मात्र वैद्य लागत नाही. कडुनिंबाच्या एका देठावर दोन्ही बाजूंना करवती कडांची, विळ्यासारखी वाकडी पाने ओळीने असतात. बकाणाचा देठ पुन्हा फुटतो, त्या फाट्यांवर पाने येतात. कडुनिंबाचा मोहर पांढरा, बकाणाचा जांभळट. निंबोळी लांबट, पिकली की गळते. बकाणाचे फळ गोल. पानगळीनंतरही पिवळे घोस झाडावर लटकत राहतात, आणि त्याच्या कंगोरेदार बियांच्या माळा ओवतात. हे फळ विषारी आहे. मुलांनी आणि जनावरांनी ते खाल्ले तर उलट्या, जुलाब होतात. जास्त गेले तर जिवावर बेतते.

फवारणीतही फरक आहे. निंबोळीतले कीड रोखणारे द्रव्य, अझाडिरॅक्टिन, 1968 मध्ये वेगळे काढले गेले. त्याने अळी लगेच मरत नाही. ती खाणे सोडते, तिची कात नीट पडत नाही. बकाणातही कीड रोखणारी द्रव्ये आहेत, पण ती वेगळी. निंबोळी अर्काचे प्रमाण बकाणाला लावून चालत नाही.

आपल्या हरभऱ्यावर घाटेअळी येते, तेव्हा सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. सावलीत वाळवलेल्या 5 किलो निंबोळ्या भरडून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. 200 ग्रॅम साबणचुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण द्रावण 100 लिटर करा. फवारणी सायंकाळी घ्या, कारण उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते. अर्क ताजा वापरा. अळी मोठी झाल्यावर एवढ्यावर विसंबू नका.

आणि झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, असेही समजू नका. कडुनिंबाचे तेल तान्ह्या बाळाला पाजल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

तेव्हा कोणी ‘निंबाचा पाला घ्या’ म्हणाले, तर कोणता निंब, कोणता भाग आणि किती, हे तीन प्रश्न विचारा. येत्या पावसाळ्याआधी बांधावरची, शाळेच्या आवारातली झाडे मुलांना दाखवा. पान, फूल, फळ त्यांच्या हाती देऊन ओळख करून द्या. खात्री नसेल तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात फांदी घेऊन जा, विचारा, आणि मगच वापरा.