डी-डायमर: अहवाल कसा वाचावा?



एकाच पायाची पोटरी अचानक सुजते, दुखते, गरम लागते. खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

अशा वेळी डॉक्टर ‘डी-डायमर’ ही रक्ततपासणी सांगतात. २०२० च्या कोरोनाकाळात हे नाव घरोघरी पोहोचले; अर्थ मात्र बहुधा उलटाच लावला जातो. गुठळी विरघळू लागली की तिच्यातील फायब्रिन तंतूंचे तुकडे रक्तात उतरतात, त्यांचे हे मोजमाप. परंतु शस्त्रक्रिया, गर्भारपण, जंतुसंसर्ग, कर्करोग, इतकेच काय, नुसत्या वाढत्या वयानेही आकडा चढतो. म्हणून चढलेला आकडा म्हणजे गुठळीचा पुरावा नव्हे. या चाचणीचे खरे सामर्थ्य नकारात आहे. लक्षणांवरून शक्यता कमी असेल आणि आकडाही मर्यादेत असेल, तर गुठळी नाही असे मानता येते. ही शक्यता गुणांनी मोजण्याची पद्धत कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. शक्यता अधिक असल्यास केवळ रक्तावर विसंबून चालत नाही. डॉपलर सोनोग्राफी करावीच लागते.

लक्षण काहीच नसताना ‘पॅकेज’मध्ये ही तपासणी करून घेणे म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणे होय. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आकडा फसवा कमी येऊ शकतो. ते डॉक्टरांना आधीच सांगावे.