प्रश्नाला जागा द्या



अध्यक्षानं समारोपात सगळ्यांचं कौतुक करावं, अशी रीत आहे. ती मी आज मोडणार आहे. सकाळपासून या मंडपात भाषणं झाली, सत्कार झाले, टाळ्या झाल्या. श्रोत्यांतून मात्र एकही प्रश्न आला नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नाला जागाच ठेवलेली नव्हती. आणि उद्घाटनात आपण ऐकलं की महाराष्ट्राला वक्तृत्वाची थोर परंपरा आहे. आहेच. पण आपण चालवतो आहोत ती ही परंपरा नव्हे.

प्राचीन अथेन्सच्या न्यायालयात दोन्ही पक्षांना आपापली बाजू स्वतः मांडावी लागे. बुडाशी छिद्र असलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी गळत राही आणि दोघांना सारखंच पाणी मिळे. उत्खननात सापडलेलं असं एक भांडं सुमारे सहा मिनिटांत रिकामं होतं. आपण खाली बसलो की समोरचा उठणार आणि आपलं म्हणणं खोडणार, हे प्रत्येक बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असे. वक्तृत्वाचं शास्त्र अशा जागी वाढलं.

आता घरचं पाहू. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी उघड्यावर बसत आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. भोवती गर्दी जमे. समोरचे लोक तयारीचे होते, बायबल कोळून प्यायलेले. त्यांच्यातल्याच जॉर्ज बोवेन यांनी या चर्चांचं इंग्रजी पुस्तकही काढलं. सगळं काही वेदांत आहे, हा बुवांचा दावा मला मुळीच मान्य नाही. तरीही तो माणूस मला मोठा वक्ता वाटतो, कारण त्यानं आपला दावा विरोधकाच्या तोंडासमोर मांडला. आपल्याच माणसांच्या मंडपात विरोधकाची उणीदुणी काढायला कसलं धैर्य लागतं?

याहून मोठा दाखला महाडचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर करायच्या सत्याग्रहाला हजारो माणसं जमली होती. गावोगावहून, पदरमोड करून आलेली, पाण्यात उतरायच्या तयारीनं आलेली माणसं. कोर्टानं मनाई हुकूम काढलेला होता. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह करावा की नाही हा प्रश्न सभेपुढं ठेवला, दोन्ही बाजूंनी भाषणं होऊ दिली, आणि कल सत्याग्रह करावा असाच पडला. जिल्हाधिकारीही सभेत येऊन बोलले. त्यानंतर बाबासाहेबांनी याच पेटलेल्या सभेला सत्याग्रह तहकूब करायला राजी केलं. मिरवणूक तळ्यापर्यंत गेली आणि पाण्याला हात न लावता परतली. गर्दीला हवं ते बोलून टाळ्या घेणं सोपं असतं. स्वतःच्या माणसांना नको असलेली गोष्ट त्यांच्याच तोंडावर सांगायची आणि तरी त्यांचा विश्वास टिकवायचा, हे किती वक्त्यांना जमेल?

गाडगेबाबा तर प्रश्नांवरच कीर्तन उभं करत. एक प्रश्न टाकायचा, लोकांकडून उत्तर घ्यायचं, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढायचा. पाच-सहा प्रश्नांत माणूस आपल्याच तोंडानं नवससायास नाकारून मोकळा होई. शाळेची पायरी न चढलेला शेतकरी त्या कीर्तनात नुसता श्रोता राहत नसे, वादातला एक पक्ष होई.

आणि आपण मुलांना काय शिकवतो? आंतरशालेय स्पर्धेत मुलगी उभी राहते, ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणते, ठरलेल्या वाक्याला उजवा हात वर नेते, ठरलेल्या ओळीवर आवाज कापरा करते आणि घंटेच्या आत संपवते. परीक्षक म्हणून मी अशा एका मुलीला विचारलं, ‘हे तुला का पटतं?’ ती गोंधळून शिक्षकांकडे पाहू लागली आणि आयोजकांनी मला सांगितलं की प्रश्न विचारणं नियमात बसत नाही. दोष त्या मुलीचा नाही. नियम करणारे आपण, शिक्षक, आयोजक, परीक्षक, आपण तिला बोलायला नव्हे, म्हणून दाखवायला शिकवलं.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. स्पर्धेतले निम्मे गुण प्रश्नोत्तरांना द्या. व्याख्यानमालेत जो वक्ता प्रश्न घेणार नसेल त्याला बोलावू नका, मग तो कितीही नामवंत असो. सत्कारांचा वेळ कापून तो श्रोत्यांना द्या. याला विरोध असेल तर तोही इथंच, उभं राहून करा.

आभारप्रदर्शन अर्धा तास पुढं ढकलावं, असं मी अध्यक्ष या नात्यानं सांगतो. माइक खाली पाठवा. पहिला प्रश्न माझ्याच भाषणावर येऊ द्या.