लसीकावाहिन्या : वैऱ्याची वाट आणि रक्षकांचीही

पायाला ठेच लागून ती चिघळली, की जांघेत अवधाण येते. जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, हे कसे? याचे उत्तर लसीकावाहिन्यांत आहे. पेशींभोवती पाझरलेला द्रव या सूक्ष्म नलिका गोळा करतात, वाटेतील ग्रंथींतून गाळून घेतात आणि अखेर रक्तात परत पोचवितात. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ आसेली याने 1622 मध्ये एका कुत्र्याच्या पोटात दुधाळ नलिका पाहिल्या. तेव्हापासून त्यांचा शोध चालू आहे.

कर्करोगाच्या बाबतीत या वाहिन्यांकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले, आणि तेही अकारण नव्हते. स्तनातील अर्बुदाच्या पेशी याच वाटेने काखेतील ग्रंथींत शिरतात. म्हणून शल्यविशारद त्या ग्रंथी सरसकट काढून टाकीत. मात्र त्यानंतर कित्येक स्त्रियांचा हात कायमचा सुजे.

परंतु याच वाटेने रक्षकांचे जासूदही धावतात. अर्बुदाचे अंश उचलून शाखायुक्त पेशी लसीकावाहिनीत शिरतात आणि ग्रंथीत जाऊन टी-पेशींना शत्रूची ओळख पटवितात. मग टी-पेशींची संख्या वाढते व त्या रक्तावाटे अर्बुदावर चालून जातात. या जासूद पेशींचा शोध 1973 मध्ये लावणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना 2011 चे नोबेल पारितोषिक मिळाले. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये उंदरांच्या मेंदूतील अर्बुदांवर प्रयोग केले. लसीकावाहिन्या वाढविणारे द्रव्य दिल्यावर प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे अधिक प्रभावी ठरली. अर्बुदही कमी धूर्त नाही. अनेकदा तेच द्रव्य स्वतः स्रवून ते आपल्या प्रसारासाठी वाटा वाढविते.

मग ग्रंथी राखावी की काढावी? शल्यशास्त्राने मधला मार्ग काढला. अर्बुदाकडील लसीका जिच्यात प्रथम उतरते, ती पहारेकरी ग्रंथी शोधून तपासावयाची. ती निर्दोष असेल तर बाकीच्या राखावयाच्या. तिच्या शोधासाठी किरणोत्सारी द्रव्य वापरतात. पण त्याची सामग्री महाग असते. दिल्लीत 1956 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शल्यविशारदांनी मिथिलीन ब्लू आणि निळ्या प्रकाशात चमकणारे फ्लुओरेसीन ही स्वस्त रंगद्रव्ये यासाठी वापरून पाहिली. लहान गावच्या रुग्णालयालाही परवडेल असा हा विचार आहे.

वैरी ज्या वाटेने येतो, तीच वाट रक्षकांचीही असते. ती बुजविण्यापूर्वी पहारेकऱ्याला विचारावे, हेच शहाणपणाचे.