फळा, पडदा आणि मनन

शिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा साधनांपासून सुरू होते आणि साधनांपाशीच थांबते. शाळेत संगणक किती, भिंतीवर पडदा आहे की नाही, इंटरनेटचा वेग कसा, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की शाळा आधुनिक झाली, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. वर्गात बसलेल्या मुलाच्या मनात नेमके काय घडते आहे, हा प्रश्न मात्र तपासणी अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून तो विचारलाही जात नाही.

आपल्या परंपरेने ज्ञानप्राप्तीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला जो उपदेश करतात, त्यात हा क्रम येतो. तो आत्मज्ञानाच्या संदर्भातील असला, तरी त्रैराशिक शिकणाऱ्या मुलालाही तो तितकाच लागू पडतो. गुरुजी सांगतात ते ऐकायचे, ऐकलेले स्वतःशी घोळवायचे, त्यावर शंका काढायच्या आणि अखेर ते अंगी मुरेपर्यंत त्यातच राहायचे. डिजिटल तंत्रज्ञानाने यांतील पहिली पायरी विलक्षण रुंद केली आहे. दुसरी पायरी मात्र त्याच वेळी झिजू लागली आहे. आजच्या वर्गात जो बदल दिसतो, त्याचे मर्म या विसंगतीत आहे.

पहिली पायरी रुंद झाली, हे आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. यंत्राविषयीचा सरसकट संशय आपल्या मंडळींत अधूनमधून डोके वर काढतो. तो योग्य नव्हे. डॉ. विक्रम साराभाई यांनी उपग्रहाचा विचार केला, तो खेड्यातील शिक्षणासाठी. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. २००४ मध्ये ‘इस्रो’ने केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला. या प्रयत्नांचे मोल कमी नाही. पण प्रक्षेपण ठरलेल्या वेळी येई आणि निघून जाई. जे कळले नाही, ते पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. मुख्य म्हणजे, वर्गातील शिक्षकाचा त्या कार्यक्रमात काही हात नव्हता. तोही विद्यार्थ्यांसारखाच प्रेक्षक होता.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत घडले ते याच्या नेमके उलट. रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्ये तिथे रुजू झाले, तेव्हा शाळा एका पडक्या इमारतीत भरत होती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तके मात्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत. डिसले गुरुजींनी आधी कन्नड शिकून घेतली, पाठ मुलांच्या भाषेत आणले आणि मग पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड बसवले. कोडावर मोबाइल धरला की कविता ऐकू येई, गोष्ट दिसे, स्वाध्याय उघडे. ही कल्पना पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि नंतर ‘एनसीईआरटी’नेही ती स्वीकारली. २०२० मध्ये या शिक्षकाला दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या सर्व कथेतील क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुलाची भाषा, मग पाठ, मग यंत्र. हा क्रम उलटा करून कोट्यवधींची खरेदी झाली, तेव्हा संगणक कक्षाला कुलूप आणि कुलपाला गंज, हे चित्र अनेक ठिकाणी दिसले.

सोलापूर शहरातच २०२० मध्ये आणखी एक प्रयोग झाला. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले होते आणि नीलमनगरच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत अनेक घरी असा मोबाइलच नव्हता. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. येता-जाता मुले थांबत, वाचत, एकमेकांना विचारत. भिंत हलत नाही, तिला आवाज नाही, ती पुढच्या चित्राकडे आपणहून सरकत नाही. कदाचित म्हणूनच तिच्यासमोर मूल थोडे अधिक वेळ उभे राहते.

त्या दोन वर्षांत जे मोबाइल घरात आले, ते शाळा उघडल्यावर घराबाहेर गेले नाहीत. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातील साधारण ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता; २०२२ पर्यंत ते प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, असे ‘असर’ सर्वेक्षण सांगते. याच सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. १४ ते १६ या वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही ना काही त्यावर केले होते. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले ७६ टक्के होती. आणि त्याच अहवालात दुसरी एक नोंद आहे : ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के. ही दुर्दशा मोबाइलमुळे झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाचनाची ही दुखणी फार जुनी आहेत. पण ज्या मुलाला सलग एक परिच्छेद वाचता येत नाही, त्याच्या हातात अंतहीन चित्रफितींचा प्रवाह देणे म्हणजे नेमके काय करणे आहे, याचा विचार करावाच लागेल.

येथे शाळांच्याही एका सवयीकडे पाहिले पाहिजे. पूर्वी गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरवला जाई. आता तो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, पुष्कळदा रात्री. म्हणजे गृहपाठ पाहायचा तर मोबाइल मुलाच्या हाती द्यावाच लागतो. ‘मोबाइल देऊ नका’ असे पालकसभेत सांगणारी शाळाच संध्याकाळी तो मुलाच्या हातात ठेवते. मूल गट उघडते, गणिताचे छायाचित्र पाहते, आणि बोट पुढे सरकते. गणित दोन मिनिटांत पाहून होते. बोट तासभर थांबत नाही. यात मुलाचा दोष शोधणे व्यर्थ होय. त्या पडद्यामागे बसलेल्या कंपन्यांचा सगळा व्यवसाय माणसाचे लक्ष अधिकाधिक वेळ धरून ठेवण्यावर उभा आहे. मोठमोठ्या अभियंत्यांची बुद्धी आणि अकरा वर्षांच्या मुलाचा संयम, अशी ही कुस्ती आहे.

याचा परिणाम वर्गात कसा उमटतो, ते शिक्षकांना विचारावे. चित्रफीत दीडपट वेगाने पाहण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला फळ्यावर हळूहळू उलगडणारी भूमितीची सिद्धता कंटाळवाणी वाटते. उत्तर चटकन मिळाले पाहिजे. ते शोधताना होणारी तगमग नको. २०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून तर निबंधही मागितल्याबरोबर हजर होतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर निर्दोष मराठीत लिहिलेला आणि त्या मुलाने न भिजता अनुभवलेला पाऊस वहीत उतरतो. त्यावर जाणत्या शिक्षकांनी काढलेला उपाय जुनाच आहे. निबंध वर्गातच लिहायचा आणि लिहिल्यावर त्याच्यावर चार प्रश्न तोंडी विचारायचे. स्वामी विवेकानंदांनी शिक्षणाचे सार माहिती गोळा करण्यात नव्हे, तर मनाच्या एकाग्रतेत पाहिले. माहिती आज फुकट झाली आहे. एकाग्रता पूर्वी कधी नव्हती इतकी महाग.

जगात याची जाण येऊ लागली आहे. फ्रान्सने २०१८ मध्येच शाळांत मोबाइलवर कायद्याने बंदी घातली. पडद्यावरील शिक्षणात आघाडीवर असलेल्या स्वीडनने २०२३ पासून छापील पुस्तकांसाठी पुन्हा निधी द्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. भारतातही २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, तिच्या माहितीचा वापर करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा स्वागतार्हच आहे. मात्र भारतीय घराची एक अडचण त्याच्या नजरेत भरत नाही. ‘असर’नुसार मोबाइल वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी स्वतःचा मोबाइल असलेली २७ टक्के आणि १६ वर्षांच्या मुलांपैकी ३७.८ टक्के. उरलेली सारी आईचा, बाबांचा, मोठ्या भावाचा मोबाइल वापरतात. कंपनीच्या लेखी तिथे मूल नसतेच. चाळीस वर्षांची एक गृहिणी रात्री दहा वाजता व्हिडिओ गेमचे चित्रीकरण पाहत असते.

म्हणजे प्रश्न पुन्हा घराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. आणि इथेच सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची दखल घ्यावी लागते. तीन हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. महामारीनंतर वर्ग पूर्ववत भरू लागले तेव्हा मुलांचे लिहिण्या-वाचण्यात लक्ष लागत नाही, शाळा सुटली की ती मोबाइलला चिकटतात, असे शिक्षकांच्या ध्यानी आले. सरपंच विजय मोहिते यांनी संध्याकाळी दीड तास मोबाइल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा बोलावण्यात आली. तिने निर्णय केला. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे पडदे काळे होऊ लागले.

हा निर्णय कसा रुजला, ते पाहण्याजोगे आहे. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले, समजावत राहिले. वरून आलेला शासन आदेश त्यामागे नव्हता. दुसरे असे की, भोंगा केवळ मुलांसाठी वाजत नव्हता. आईची मालिका आणि वडिलांच्या बातम्या यांनाही तोच नियम. मुलाला ‘अभ्यास कर’ असे सांगून स्वतः पडद्यात तोंड खुपसण्याची मुभा त्या दीड तासात कोणालाच नव्हती. शेजारच्या घरातही पडदा बंद आहे, हे मुलाला माहीत असते. त्यामुळे आपल्यावरच अन्याय होतो आहे, ही भावना उरत नाही. एकट्या घराने ठेवलेला निर्बंध मुलाला शिक्षा वाटतो, साऱ्या गावाने ठेवलेला रीत होतो. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायची आणि पाढ्यांना बसायचे, ही रीत ज्यांच्या बालपणी होती, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक इतकाच की दिवेलागण आपसूक होत असे; आता तिच्यासाठी भोंगा लागतो. बेळगाव जिल्ह्यातील हलगा गावानेही डिसेंबर २०२४ मध्ये असाच भोंगा सुरू केला. तिथे वेळ संध्याकाळी सात ते नऊ.

दीड तासाने पिढी घडते का, असा आक्षेप घेतला जातो. पण मनन म्हणून जे काही आहे, त्याला बाहेरच्या आवाजापासून सुटका एवढेच हवे असते, आणि ती दीड तासात मिळते. संघाची शाखासुद्धा एक तासाचीच असते. त्या तासात मोबाइल पिशवीत असतो आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते शाखा सुटल्यावर. कार्यकर्त्यांच्या घरांतील चित्र समाजाहून फारसे वेगळे नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पहाटेच्या सुविचारापासून मध्यरात्रीच्या निषेधापर्यंत संदेश पुढे ढकलणे हेच राष्ट्रकार्य, अशी समजूत काहींनी करून घेतली आहे. संदेश खरा की खोटा, हे न तपासता तो पंचवीस गटांवर पाठवणारे वडील आणि गृहपाठाचे उत्तर न समजता उतरवून घेणारा मुलगा, या दोघांनी श्रवणावरून थेट उच्चारणावर उडी मारलेली असते. मधली पायरी दोघांनीही गाळलेली असते. मूल पाहते ते वडिलांचे बोट.

खेड्यात सरपंच आहे, मंदिर आहे, ग्रामसभा आहे. नगरातील मध्यमवर्गीय वसाहतीत भोंगा कोणी वाजवायचा, हा प्रश्न खरा आहे. पण तिथे गृहनिर्माण संस्था असते, गणेशोत्सव मंडळ असते, निवृत्त शिक्षक आणि बँक कर्मचारी असतात, ज्यांच्या संध्याकाळी रिकाम्या जातात. संस्थेच्या कार्यालयाची खोली सात ते साडेआठ उघडी ठेवून, दारात एक टोपली ठेवून, मोठ्यांसह सर्वांचे मोबाइल तीत जमा करून दहा-बारा मुलांना एकत्र वाचायला बसवणे याला ना निधी लागतो, ना परवानगी. शाळांकडेही एक साधी मागणी करता येईल : गृहपाठ पुन्हा फळ्यावरून वहीत यावा आणि गटावर केवळ सूचना याव्यात. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर वाहनतळ, पाण्याची टाकी आणि उद्वाहनाची दुरुस्ती यांच्या पंक्तीला हा एक विषय बसण्यास हरकत नाही. वडगावचा अनुभव लक्षात घेता, तो महिलांच्या बैठकीत आधी मांडावा.