आकाशातील वाट आणि कागदावरचा आकडा



विमान म्हणजे मोटार नव्हे. लांबच्या प्रवासात वैमानिक ते सारा वेळ हाताने हाकीत बसत नाही. निघण्यापूर्वी वाटेवरील ठिकाणांचे अक्षांश-रेखांश संगणकात घालतात. जायरोस्कोप आणि वेगातील वाढघट टिपणारी यंत्रे यांच्या हिशेबाने विमान कोठे आले ते कळते. स्वयंचालक त्याला नेमल्या रेषेवर ठेवतो. बाजूचा वारा ढकलू लागला, की नाक वाऱ्याकडे थोडे वळवतो. मात्र ती रेषा डोंगरावरून जाते की समुद्रावरून, याची त्याला पर्वा नसते.

१९७९ साली एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान ऑकलंडहून प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला निघणार होते. कंपनीच्या संगणकात शेवटच्या ठिकाणाचा रेखांश वर्षभराहून अधिक काळ १६६ ऐवजी १६४ अंश पडलेला होता. कंपनी म्हणते, सहाच्या जागी चार टंकला गेला. त्यामुळे वाट मॅकमर्डो साऊंडच्या गोठलेल्या समुद्रावरून जाई. वैमानिकांना १९ दिवस आधी हीच वाट समजावली होती. कॅप्टन जिम कॉलिन्स यांनी आदल्या रात्री घरी नकाशावर ती आखूनही पाहिली.

त्याच रात्री कचेरीत आकडा दुरुस्त झाला. वाट सुमारे २७ सागरी मैल पूर्वेला सरकली, थेट ३,७९४ मीटर उंचीच्या एरेबस पर्वतावर. वैमानिकांना कोणी सांगितले नाही. २८ नोव्हेंबरला वर ढग, खाली बर्फ, सारे एकच पांढरे. समोरचा उतार दिसेना. २५७ माणसे गेली.

पहिल्या चौकशीने १९८० साली कॅप्टनला दोष दिला: विमान फार खाली आणले. आणले होते, हे खरे. पण आधीच्या सहलींतही ते आणीत, आणि कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात त्याचे वर्णन छापलेले होते! मेलेल्या कामगाराच्या माथी ठपका मारण्याची रीत आम्ही गिरणीच्या दारातही पाहिली आहे. तो जबानी द्यायला येत नाही.

न्यायमूर्ती पीटर माहोन यांनी १९८१ साली तो ठपका पुसला. न कळवता बदललेली वाट हेच मुख्य कारण, असे त्यांनी लिहिले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी संगनमताने खोटे सांगितले, हा त्यांचा शेरा वरिष्ठ न्यायालयांत टिकला नाही; कारणाला मात्र त्या न्यायालयांनी हात लावला नाही. तरी तो अहवाल तिथल्या संसदेपुढे ठेवायला १९९९ साल उजाडले, आणि सरकारच्या वतीने कुटुंबीयांची माफी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी मागितली ती २०१९ साली, चाळीस वर्षांनी.